बाबांची कात्री

४ फेब्रुवारी

बारके,

कात्री परत दे.

खुशाली विचारायला हे पत्र लिहीत नाहीये, हे पहिल्याच ओळीत सांगितलेलं बरं. तुझाही वेळ वाचेल, माझाही. फोन लावला होता, पण पलीकडून तुझा ‘हॅलो’ आला आणि मी ठेवून दिला. लिहिताना निदान तू मधे बोलत नाहीस.

बातमी अशी की माझ्या डोक्यात गाठ निघाली आहे. घाबरायचं कारण नाही, आणि तू घाबरणार नसशील तर उत्तमच. साधी गाठ आहे. कर्करोग नाही, पसरत नाही, आहे तिथेच मुक्काम ठोकून आहे. मेंदूच्या खाली, नाकाच्या मुळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते म्हणे, तिच्यावर बसली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “गाठ साधी आहे, पण जागा वाईट धरलीय.” मी म्हटलं, आमच्या दुकानासारखंच. त्या हसल्या नाहीत. ऑपरेशन करा म्हणतात. मी ‘बघते’ म्हटलं. गिऱ्हाइकाला कोट आवडला नाही की ते कसं ‘बघतो’ म्हणतं, तसं.

तर त्याआधी मला बाबांची कात्री हवी.

मी काही विसरले असं तुला वाटायला नको, म्हणून पुन्हा लिहिते. बाबा गेल्यावर कात्री माझ्याकडे आली, कारण मोठी मी. तू काही बोलली नाहीस, आणि तुझं न बोलणं मला लहानपणापासून कळतं. पुढे आपण दोघींनी दुकान चालवलं. मी कापायचे, तू शिवायचीस, इस्त्रीवाले काका इस्त्री मारायचे, आणि बरं चाललं होतं. मग ती कात्री माझ्या हातात बसेनाशी झाली. दिसायला तीच. तेच काळं लोखंड, तेच वजन, पात्यावर तोच ओरखडा. पण अंगठा कड्यात घातला की घासायचा, दुपारपर्यंत कातडी सोलवटायची. बाबांनी आपल्याला काय शिकवलं होतं? डोळा फसेल, हात फसत नाही. आपल्या घरात कुणी कुणाच्या कात्रीला हात लावायचा नाही, हा नियम त्यासाठीच तर होता. बाबा डोळे मिटून बसायचे आणि आपण हातात देऊ ती कात्री कुणाची हे सांगायचे. कधी चुकले नाहीत. माझ्या हातानं मला सांगितलं, ही ती नव्हे. म्हणजे कुणीतरी तशीच दुसरी बनवून घेऊन बदलली. दुकानात कोण? मी, तू आणि काका. काकांना कात्री आणि चिमटा यातला फरक कळत नाही. राहिलं कोण?

तू म्हणालीस, “ताई, तुला वेड लागलंय.” त्यावर मी काय म्हणाले ते तुला पाठ असेल, मला पुन्हा लिहवत नाही. दुसऱ्या दिवशी तू बोचकं उचलून गेलीस. मी ती नकली कात्री धारवाल्याच्या गाडीवर टाकली. म्हटलं, घेऊन जा, पैसे नकोत, माझ्या डोळ्यांसमोर नको.

आता जुनं उकरून काढायचं नाहीये. पार्सलनं पाठव, वर नाव घालू नकोस, मी कुणाला काही विचारणार नाही. ऑपरेशनच्या आधी एकदा तिनं कापायचंय. बस्स.

ताई

१३ फेब्रुवारी

बारके,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती.

गाठ सापडली कशी ते मीच सांगते, नाहीतर काका तिखटमीठ लावून कुणाकुणाला सांगत बसतील. मास्तरांच्या कोटाच्या दोन्ही बाह्या मी डाव्या कापल्या. हसू नकोस. उजेड कमी होता. मास्तर बिचारे म्हणाले, “ताई, मी लिहितो उजव्या हातानं.” कापड पुन्हा आणून कापून दिलं, पण म्हटलं चष्म्याचा नंबर वाढला असेल, दाखवून येऊ. चष्मेवाल्याकडे एक यंत्र आहे. त्यात डोकं घालायचं आणि ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी दाबत होते. तो म्हणाला, “मावशी, दाबा ना बटण.” मी म्हटलं, अरे, ठिपका येऊ दे, मग दाबते. मग त्यानं थेट मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. माझ्या मते यंत्रच बिघडलं होतं. पण तिथे जाऊन त्या बोगद्यात निजावं लागलं, ठाकठोक ठाकठोक, आणि बाहेर आले तर ही बातमी.

गाठ डोळ्याच्या नसेला टेकली आहे म्हणतात. मला सगळं दिसतं. तुला कुणी काही वेगळं सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. काकाच हल्ली धड वागत नाहीत, चहाचा कप असा कडेला ठेवतात की माझ्या कोपरानं तो पडणारच. आणि कटिंगचं टेबल कुणीतरी सरकवलं आहे. त्याचा कोपरा रोज माझ्या मांडीला लागतो. काकांना विचारलं तर म्हणतात, “ताई, टेबल बाबांनी जमिनीत रोवलंय, ते कोण सरकवणार?” उलट उत्तरं द्यायला शिकलेत.

ऑपरेशन नाकातून करतात, ऐकलंस? डोकं उघडत नाहीत. नाकातून दुर्बीण घालून आत जायचं आणि गाठ खरवडून आणायची. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, जन्मभर नाकासमोर चालले, त्याचं हे फळ. या वेळी त्या हसल्या. नाही केलं तर काय होईल, विचारलं. म्हणाल्या, “डोळे जातील. आज नाही, उद्या नाही, पण जातील.” केलं तर? “बहुतेक वाचतील.” बहुतेक! कोट बहुतेक होईल असं मी गिऱ्हाइकाला कधी सांगितलं नाही.

कितीजण म्हणतात, मी आता बाबांसारखी दिसायला लागले. तेच नाक, तीच हनुवटी. फोनवर तर लोक मला ‘साहेब’ म्हणतात. मी दुरुस्त करत नाही, साहेबांची उधारी लवकर वसूल होते.

कात्रीचं काय?

ताई

२१ फेब्रुवारी

बारके,

आज आणखी एका डॉक्टरांकडे पाठवलं होतं. ग्रंथींचे डॉक्टर. मला मुलगा असता तर एवढाच असता.

त्यांनी डोक्याचं नावच काढलं नाही. म्हणाले, “हात दाखवा.” मी म्हटलं, भविष्य सांगता का? त्यांनी माझा पंजा उलटासुलटा केला, बोटं दाबून पाहिली, आणि विचारलं, “अंगठी घट्ट झाली का हो?” झाली, म्हटलं. आमच्या ह्यांची आठवण म्हणून घालत होते, सोनाराकडून कापून काढावी लागली. वय झालं की बोटं सुजतात. “चपला?” माप वाढलं, पण त्यात नवल काय, हल्लीचे चपलावाले मेले चोर आहेत, माप छापतात एक आणि शिवतात दुसरं. “आणखी काही लहान झालं?” मी म्हटलं, अंगुस्तान. ते त्यांना माहीत नव्हतं. सांगितलं, सुई ढकलायला बोटात लोखंडी टोपी घालतो ती. तीही हल्ली लहान बनवतात, मला तर मिळेनाशीच झाली आहे.

ते म्हणाले, “मावशी, सगळ्यांनीच तुमच्याविरुद्ध सगळं लहान बनवायला घेतलंय का?”

मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मुलं ज्या रसानं वाढतात तो रस ती वाटाण्याएवढी ग्रंथी करते. माझ्या गाठीनं तोच रस भरमसाट करून सोडला आहे. या वयात उंची वाढत नाही. पण हात वाढतात, पाय वाढतात, नाक वाढतं, जबडा पुढे येतो, आवाजसुद्धा जाड होतो. हळूहळू. इतकं हळू की रोज बघणाऱ्यांना कळत नाही, आणि ज्याचं त्याला तर मुळीच नाही. “किती वर्षं चाललं असेल?” मी विचारलं. म्हणाले, “दहा-बारा तरी. घरी जुना एखादा फोटो असला तर घेऊन या, हात दिसतील असा.”

बारके, मी खुर्चीवरून उठलेच नाही. बाहेरच्या पेशंटनं दार वाजवलं तेव्हा उठले.

आता पुढचं लिहीत नाही. आधी एक गोष्ट बघायची आहे.

ताई

२२ फेब्रुवारी

बारके,

सकाळी ट्रंक उघडली. बाबांची कात्री हाती येण्याआधी माझी स्वतःची कात्री होती ना, तुझ्या कात्रीसोबत बाबांनीच घडवून आणलेली, ती मी बाबा गेल्यावर तेल लावून, फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली होती. कुलूप माझं, किल्ली माझ्याकडे. बाबांची गेल्यावरही ती काढली नाही, बाजारातली मोठ्या कड्यांची घेतली; त्या कात्रीला तेव्हापासून कुणी हात लावलेला नाही, लावणं शक्यच नाही. मी अंगठा घातला. पेरापर्यंत गेला आणि अडकला.

तरी पुन्हा घातला. साबण लावून घातला. मग तिथेच जमिनीवर बसले.

नंतर फोटो काढला. बाबांच्या वर्षश्राद्धानंतर दुकानात काढलेला, आपण दोघी टेबलाशी उभ्या आहोत तो. माझ्या हातात बाबांची कात्री आहे. भिंगातून पाहिलं. कड्यात माझा अंगठा आहे आणि अंगठ्याभोवती उजेड दिसतोय. बोट जाईल एवढी जागा आहे, गं. आता त्याच अंगठ्याला माझ्या स्वतःच्या कात्रीचं कडं पेरापुढे जाऊ देत नाही.

तू कात्री बदलली नव्हतीस. कुणीच बदलली नव्हती. तीच कात्री होती आणि माझा हात बदलला होता. बाबा म्हणायचे हात फसत नाही, आणि मी ते डोळे झाकून मानलं. लोखंड बदलत नाही, हात बदलतो, एवढं कुणालाही कळतं, मला नाही कळलं. तू चोर नव्हतीस. हे मी काकांसमोर मोठ्यानं बोलून दाखवलं. ते रडायला लागले आणि हातातली इस्त्री तशीच ठेवल्यामुळे वकिलांची पँट जळाली.

डॉक्टर म्हणाले होते, डोकेदुखी, चिडचिड, हेही त्या गाठीनं होऊ शकतं. आयतं निमित्त मिळालं होतं मला. पण नको. मी आधीपासून कशी आहे ते तुला माहीत आहे. हात गाठीनं वाढवला असेल, जीभ माझीच होती.

आणि आता सगळ्यात वाईट ते. ती नकली नव्हतीच, म्हणजे मी धारवाल्याच्या गाडीवर टाकली ती बाबांची कात्री होती. संध्याकाळी त्याला गाठलं. आता म्हातारा झालाय, पण आठवण शाबूत आहे. म्हणाला, “ती होय? ती तर त्याच आठवड्यात गेली. एक बाई घेऊन गेल्या.” कोण बाई? “तोंड कशाला बघू, ताई, मी चाकाकडे बघत होतो.” कुण्या बाईच्या स्वयंपाकघरात ती आता पिशव्या कापत असेल. बाबांनी सबंध हयात जपलेली वस्तू मी फुकट देऊन टाकली, वर तुझ्याकडे मागते आहे.

मागणी परत घेते. तुझ्याकडे माझं काही नाही. होतं ते तुझंच माझ्याकडे राहिलं आहे.

ताई

५ मार्च

बारके,

पार्सल पोचलं. काकांनी उचललं आणि म्हणाले, “कुणी वीट पाठवली वाटतं.” वजनावरूनच मी ओळखलं.

तुझी चिठ्ठी कितीदा वाचली ते सांगत नाही. इनमिन तीन ओळी लिहिल्या आहेस. “त्याच आठवड्यात काकांनी सांगितलं, तेव्हा धारवाल्याकडून सोडवून आणली. परत दिली असती तर तू म्हणाली असतीस, बघ, निघाली ना तुझ्याकडेच. म्हणून ठेवली.”

म्हणाले असते. शंभर टक्के म्हणाले असते. वर शेजारच्या चार दुकानदारांना बोलावून दाखवलं असतं. तू मला बरोबर ओळखतेस, त्याचंच मला रडू आलं. आणि हे काका बघ! इतकी वर्षं माझ्या समोर इस्त्री मारताहेत आणि तोंडातून ब्र काढला नाही. विचारलं तर म्हणतात, “धाकट्या ताईंनी शपथ घातली होती.” मी त्यांना कात्रीतलं कळत नाही म्हणत होते.

धार काय ठेवली आहेस, गं! ओल्या रेशमातूनही सरकेल. पाती तेलात न्हालेली. तू कामाला आहेस त्या कपड्यांच्या फॅक्टरीत तर कापडाचे थरावर थर रचून विजेच्या यंत्रानं कापतात, तिथे कात्रीचं कामच नाही. म्हणजे तू कामासाठी नाही, नुसती सांभाळायला तिला तेल देत बसलीस. जिच्यामुळे चोर ठरलीस तिला.

अंगठा घालून पाहिला. जात नाही. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशननंतर सूज उतरेल, पण वाढलेलं हाड उतरणार नाही. चप्पल कदाचित होईल, कात्री होणार नाही. तेव्हा ती तुझी. मोठी म्हणून माझ्याकडे आली होती, मी जरा जास्तच मोठी झाले.

ऑपरेशन करून घेते आहे. अठरा तारखेला सकाळी. आधी ‘बघते’ म्हणत होते ते कात्रीसाठी नव्हतं, भीतीनं होतं. भीती वाटते, बारके. मरणाची थोडी, आंधळेपणाची जास्त. हातानं कापता येत नाही आणि डोळ्यांनी दिसत नाही, अशा शिंपिणीला काय करायचं?

ये. शुश्रूषेला नको, त्याला नर्स आहेत. नुसती ये. बाबांचा नियम आठवतो ना, भांडण झालं की मोठीनं आधी बोलायचं. किती वर्षं तू त्या नियमाला धरून वाट पाहिलीस आणि मी फोन उचलून ठेवत राहिले. पत्रातलं बोलणं धरू नकोस, ते कागदाशी बोलणं. तू समोर आलीस की आधी मी बोलेन. तोवर तू तोंड उघडू नकोस, कितीही वेळ लागला तरी. माझ्या तोंडून ते निघू दे.

ताई

१७ मार्च

बारके,

दवाखान्यातून लिहिते आहे. पलंगाला जोडलेलं छोटं टेबल असतं ना, त्यावर. दुकानातल्या टेबलासारखं हे रोवलेलं नाही, जरा जोर दिला की पळतं.

खोली चांगली आहे. पायाशी मोठी खिडकी आणि खिडकीतून खालचं फाटक दिसतं. भेटीची वेळ सुरू झाल्यापासून मी त्या फाटकाकडे डोळे लावून बसले होते. किती बायका आत आल्या. एक तुझ्यासारखी चालत होती, तिच्यावर बराच वेळ काढला, मग तिनं वर पाहिलं आणि ती तू नव्हतीस. काका येऊन गेले. उद्या द्यायचे लेंगे, शिवायच्या राहिलेल्या चार पँटी, सगळं सांगून झालं. नंतर मी एकटीच.

आता घंटा झाली. भेटीची वेळ संपली. तू आली नाहीस. ठीक आहे. मी तुझ्या जागी असते तर मीही आले नसते, आणि चिठ्ठीसुद्धा लिहिली नसती. तुझ्यावर राग नाही एवढंच लिहून पत्र बंद करणार होते. काका खाली थांबलेत, त्यांच्याबरोबर पोस्टात

थांब.

नर्स आली होती. म्हणाली, “गेल्या का तुमच्या बहीण?” मी म्हटलं, कोण बहीण? ती म्हणाली, “अहो, बसस्टँडकडच्या मागच्या दारानं आल्या, या इथे उभ्या होत्या की, उशाशी. केवढा वेळ! हातात पिशवी होती. तुम्ही खिडकीकडे बघत बसलात, एकदाही मान वळवली नाहीत, त्याही काही बोलेनात. मला वाटलं, दोघींचा अबोला असेल, आपण कशाला मधे पडा. मग पिशवी ठेवून डोळे पुसत गेल्या.”

बारके, मला दिसली नाहीस.

खरं सांगते, आईची शपथ. मी तुला खोटं लिहिलं होतं, मला सगळं दिसतं म्हणून. मला बाजूचं दिसत नाही. दोन्ही बाजूंचं. टांग्याच्या घोड्याला झापडं बांधतात तसं झालं आहे, समोरचं तेवढं स्वच्छ, कडेचं काही नाही. टेबल कुणी सरकवलं नव्हतं. काका कप जागच्या जागीच ठेवत होते. तुला कळलं तर तू कीव करून येशील, आणि मला कीव नको होती, म्हणून लपवलं. तुझ्यासाठी फाटकाकडे बघत होते गं मी, आणि तू माझ्या कानाशी उभी होतीस. मी बोलेन म्हणून वाट पाहत होतीस. मीच लिहिलं होतं ना, तोंड उघडू नकोस म्हणून. तू मात्र अक्षरशः पाळलंस.

पिशवी उघडली. गाऊन आहे. पुढून सबंध उघडा, म्हणजे ऑपरेशन झालेल्या नाकावरून काही ओढावं लागू नये. बटणं केवढी मोठी आणि काजं त्याहून मोठी, माझ्या या बोटांना झेपतील अशी. काजं हातानं केलेली. तुझा टाका मी अंधारातही ओळखेन.

काकांना हे पत्र देऊन बसस्टँडवर पिटाळते आहे. पळायचं वय नाही त्यांचं, पण पळतील. फोन करणार नाही, फोनवर मी पुन्हा ठेवून देईन. बस सुटायच्या आत तुला हे मिळालं तर परत फीर. नर्सला सांगून ठेवते, घंटा झाली असली तरी सोडेल. नाही सोडलं तर सकाळी ये, मला न्यायच्या आधी. उशाशी उभी राहू नकोस. पायाशी ये, खिडकीच्या आणि माझ्या मधे. अगदी समोर. तू दिसलीस की मी आधी बोलते.

लवकर जा हो काका.

ताई

१९ एप्रिल

बारके,

काल तू बसनं गेलीस आणि आज मला लिहायची हौस आली. तू समोर होतीस तोवर पुरेसं बोलता आलं नाही. माणूस समोर असलं की मी ओरडतेच. वाटाणे नीट निवडले नाहीस म्हणून त्या दिवशी तुला ओरडले, तेव्हा काका हसून म्हणाले, आता खरं बरं वाटतंय ताईंना.

त्या संध्याकाळी तू खिडकीसमोर येऊन उभी राहिलीस, धापा टाकत, मागे काका तुझ्याहून जास्त धापा टाकत. आणि एवढं ठरवून मी काय बोलले? “वाळलीस गं.” तेवढंच निघालं. तू म्हणालीस, “तू नाही वाळलीस.” त्यावर मी रडले की हसले, नर्सला विचार, मला आठवत नाही. बाकीचं मी दुसऱ्या दिवशी बोलणार होते, पण नाकात बोळे होते. मग राहिलंच. म्हणून इथे लिहिते, तू वाच. मी तुला चोर म्हणाले. मला माफ कर.

डॉक्टरीणबाई खूश आहेत. गाठ जवळजवळ सगळी निघाली, रस उतरतो आहे. अंगुस्तान मधल्या बोटात जातं. चपला सैल झाल्या आहेत. बाबांच्या कात्रीत अंगठा अजून जात नाही, जाणारही नाही, आणि मी आता घालूनही पाहत नाही.

काल निघताना तू दुकानात माझ्या पाया पडून मागच्या मागे दाराकडे गेलीस. मला रडताना बघू नये म्हणून मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. आणि बारके, खिडकीकडे बघत असतानाच तू मला दिसलीस. मान न वळवता. कडेला, दारात, पिशवी खांद्यावर टाकत होतीस, दुसऱ्या हातानं डोळे पुसत होतीस. सगळी दिसलीस, चपलेपर्यंत. 

मग उठून टेबलाशी गेले, कोपरा चुकवून. मास्तरांच्या नव्या कोटाचं कापड अर्धं कापून ठेवलं आहेस आणि कात्री त्यावरच आहे. आपल्या घरात कुणी कात्री विसरत नाही, तू तर मुळीच नाही.

मी तिला हात लावलेला नाही. तुझी आहे. न्यायला ये.

ताई